पहिल्या कुंडीतलं तांबं

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

या हातांनी केलेल्या वस्तू, आज चालू स्थितीत असलेल्याच धरून: शेगडीच्या कॉइलची आणि भट्टीच्या विटांची छोटी भट्टी. शिलाई मशिनच्या मोटरीवर नळ्या गरगर फिरवून गाळ तळाला बसवणारं यंत्र. लेक देविका सहावीत असताना केलेली दुर्बीण (चंद्रावरचे खड्डे दिसतात, शनीची कडी दिसत नाहीत, खोटं कशाला लिहू). बायकोसाठी, लतासाठी, कपडे वाळत घालायची कप्पी. आईच्या देव्हाऱ्याचं सरकतं दार. दूध उतू जायच्या आधी ओरडणारी घंटी, जी लतानं काढून ठेवायला लावली, पण चालते. हिरव्या किरणाची पेटी. या आणि अशा आणखी सहा, एकूण तेरा. आणि आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झालेली चौदावी: पिवळेपणा मोजणारी पेटी.

ही वही तिच्यासाठी.

काम साधं आहे. पाला वाळवायचा, भट्टीत राख करायची, राख आम्लात विरघळवायची आणि त्यात दिल्लीच्या टिळक बाजारातून आणलेली पांढरी पूड टाकायची. पाल्यात तांबं असेल तर पाणी पिवळं होतं. डोळ्याला फिकं आणि गडद एवढंच कळतं, पेटी आकडा देते: एक किलो सुक्या पाल्यात किती मिलिग्रॅम तांबं. मेथीत दहाच्या आसपास असतंच, ते निसर्गाचं.

हा सगळा खटाटोप गौरवसाठी. एकतीस वर्षं मी मयूर विहारहून मानेसरला गेलो, मुलामा चढवायच्या शॉपमध्ये. गौरवचे वडील माझ्याच शिफ्टला होते. आता तो आणि गावातले दहा जण मिळून एका कारखान्याच्या कँटीनला पालक-मेथी देतात. यंदा एका औषध कंपनीनं त्यांना बुरशीसाठी तांब्याच्या सूक्ष्म कणांचं औषध फुकट वाटलं. कण एवढे बारीक, की केसाचे उभे दोन हजार काप केले तर त्यातला एक. कँटीनच्या मॅनेजरनं कुठेतरी काही वाचलं आणि हात वर केले: पानात किती धातू उतरतो त्याचा कागद दाखवा, नाहीतर पाच जानेवारीपासून भाजी मंडीतून घेतो.

गौरव म्हणाला, "अंकल जी, लैबवाले हर खेत का अलग पैसा माँगते हैं. और रिपोर्ट आने तक पालक बूढ़ी हो जाती है."

मी म्हटलं, मशीन मैं बना दूँगा.

मॅनेजर माणूस बरा आहे. म्हणाला, दोन नमुन्यांत तुमच्या पेटीचा आकडा खऱ्या लॅबशी जुळला, तर पुढे पेटीची चिठ्ठी मला चालेल. खऱ्या लॅबशी, म्हणे. शॉपमध्ये टाकीतलं तांबं मी रंगावरून सांगायचो, मग डिप्लोमावाला मोजायचा, तेच निघायचं, आणि सही त्याची व्हायची. एकतीस वर्षं. या वेळी चिठ्ठीवर सही माझी असेल.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

शेतावर जायच्या आधी घरी तालीम. बाल्कनीत बारा कुंड्या, प्रत्येकीत चार किलो माती, वजन करून. सगळ्यांत मेथी. स्वयंपाकघराच्या दारापासून एक ते सहा: यांना औषध नाही. त्यापुढे प्लॅस्टिकचा पडदा, पडद्यापलीकडे सात ते बारा: यांना औषध. पाणी रोज पाव लिटर, मापून, नळाचंच. या बाल्कनीत जे जे येईल ते ते वहीत येईल, असा नियम केलाय.

आज एकादशी म्हणून आईनं देवाची सगळी तांब्याची भांडी चिंच लावून घासली आणि माझी मापं चालू असतानाच तांब्या घेऊन मध्ये आली. मी म्हटलं, आई, पडद्यापलीकडे जाऊ नकोस हं. म्हणाली, "मला कुठे जायचंय विसू, माझं काम दारातल्या दारात."

एकोणऐंशी वर्षांची बाई, पण शिस्त आहे. मी तिच्याकडूनच शिकलो.

रविवार, २४ नोव्हेंबर

पहिली फवारणी. गौरव औषधाच्या पाच बाटल्या घेऊन आला होता. कुंड्यांवर मारण्याआधी पाचही हिरव्या किरणाच्या पेटीत धरल्या. पाण्यात कण तरंगत असतील तर किरणाची वाट दिसते, धुक्यात मोटारीचा झोत दिसतो तशी. आणि धुकं काय असतं हे नोव्हेंबरात दिल्लीवाल्याला समजावायला नको. तीन बाटल्यांत झोत दिसला. दोन बाटल्यांत किरण या बाजूनं शिरला, त्या बाजूनं गेला, मध्ये काही नाही. थोडं चाटून पाहण्याचा मोह झाला, लतानं हात धरला. पांढरी पूड टाकून मोजलं: तांबं आहे, पण विरघळलेलं. म्हणजे साधा मोरचूद. आपले आजोबा द्राक्षांवर मारायचे तोच, फक्त बाटली चकचकीत.

गौरव म्हणाला, "मतलब मुफ़्त में भी ठग लिया."

मला वाटतं भरताना काही गफलत झाली असावी. बाटलीवरच्या नंबरला मी फोन केला. तक्रार म्हणून नव्हे, एका जाणकारानं दुसऱ्याला सांगावं तसं. फोनवर नशिबानं मराठी माणूस निघाला, उन्मेष नावाचा. फार आपुलकीनं बोलला. पेटी कुणी बनवली, किती जणांना दाखवली, अजून कुठल्या बाटल्या तपासल्यात, सगळं बारकाईनं विचारलं. असं कुतूहल हल्लीच्या मुलांत दुर्मीळ.

(सात ते बारा या कुंड्यांवर झोत दिसलेल्या बाटलीतलंच औषध मारलं.)

बुधवार, ११ डिसेंबर

मेथी कापली, वाळवली, राख केली, मोजली. लिहायला हात होत नाही, पण नियम म्हणजे नियम.

औषध मारलेल्या, सात ते बारा: ४४, ४७, ४३, ४६, ४५, ४४. ठीक.

औषध न मारलेल्या, एक ते सहा: ३९, ३४, २७, १९, १२, १०.

सगळ्या दहा यायला हव्या होत्या. जिला तांब्याचा थेंब दिला नाही ती पहिली कुंडी एकोणचाळीस म्हणते. पेटी खोटं बोलते आहे.

लता म्हणाली, "अहो, असेल काहीतरी." काहीतरी म्हणजे काय? काहीतरी नावाची गोष्ट नसते.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळभर विचार केला. मी एक नंबरापासून क्रमानं मोजत गेलो, आणि आकडा क्रमानं उतरत गेला. म्हणजे पेटीतला दिवा थंड असताना जास्त दाखवतो, तापला की खरं बोलतो. सापडलं. दिव्याला स्थिर तापमान द्यायचं. पंखा, जाळी आणि एक लहान हीटर. चार दिवसांचं काम.

आईचा गुडघा थंडीनं धरलाय. शेकायला पिशवी दिली. दोन पावलं टाकली की भिंत धरते. पूजा मात्र चुकवत नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

उन्मेष घरी आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बरोबर बाकरवडीचा पुडा. आईच्या पाया पडला. पेटी दोन्ही बाजूंनी पाहिली, फोटो काढू का विचारलं, मी काढू दिले नाहीत, तर हसून म्हणाला, "बरोबर आहे काका, तुमची कला आहे."

मग म्हणाला, कंपनी पेटी विकत घेईल, आराखड्यासकट. चार लाख.

मी स्पष्ट सांगितलं, सध्या ती चुकीचे आकडे देते. औषध न मारलेल्या पाल्यातसुद्धा तांबं दाखवते.

"असू दे ना काका. आम्हाला तशीच चालेल."

किती मोठं मन. पण मी बिघडलेली वस्तू आयुष्यात कुणाच्या हातात दिलेली नाही. नाही म्हटलं. दुरुस्त झाली की मीच फोन करतो, असा शब्द दिला. जाताना त्यानं बाकरवडीचा पुडा ठेवला. लता तो उघडायला तयार नाही. का, ते सांगत नाही.

रविवार, १५ डिसेंबर

देविका हॉस्टेलवरून आली. ती एम.एस्सी. करते, मातीचंच रसायन, तेव्हा तिला वही दाखवली. तिनं एक मिनिट पाहिलं.

"पप्पा, उलट मोजा ना. सहापासून एककडे. दिव्याचा प्रॉब्लेम असेल तर आकडेपण उलटतील."

मी म्हटलं, पंखा बसवतोय, त्यानं सुटेल.

"पंखा बसवा बिल्कुल. पण आधी उलट मोजा, पाच मिनिटांचं काम आहे यार."

बापाला यार. आजी हसली. वर देविका आजीला विचारते, निर्माल्य म्हणजे काय. एम.एस्सी.ला आली पण हे माहीत नाही. आई तिला समजावत बसली की देवावरची फुलं, देवाचं पाणी पायदळी येऊ द्यायचं नसतं, झाडाला घालायचं. देविका म्हणाली, अच्छा, झीरो वेस्ट. आई म्हणाली, हो, झीरो वेस्ट. दोघी कितीतरी वेळ खिदळत होत्या. मला पंख्याच्या पात्यांचा तोल जमवायचा होता, मी दार लावून घेतलं.

बुधवार, १८ डिसेंबर

पंखा बसला. तापमान अर्ध्या अंशात स्थिर. काम देखणं झालंय. मग मला स्वतःलाच एक युक्ती सुचली, की नमुने उलट क्रमानं मोजून पाहावेत. सहापासून एकपर्यंत.

१०, १२, १९, २७, ३४, ३९.

तेच. कुंडी तीच, आकडा तोच. पंखा नसताना तेच, असताना तेच, उलट तेच, सुलट तेच. इतकं न चुकता खोटं बोलणारं यंत्र मी पाहिलेलं नाही.

गौरवचा फोन आला. त्याचे दोन नमुने देविकानं तिच्या संस्थेत दिलेत, निकाल महिनाअखेर. "अंकल जी, आपकी वाली मशीन क्या बोल रही है?" मी म्हटलं, अभी सोच रही है. अकरा घरांची भाजी आहे. जेवलो नाही नीट.

शनिवार, २१ डिसेंबर

शब्दशः लिहितो.

सकाळी पावणेआठ. मी चहा पीत होतो. आईला खुर्चीतून उठताना कळ आली. लता म्हणाली, "आई, तुम्ही बसा. देवाचं पाणी आजपासून मी घालते. कुठल्या कुंडीत घालता?"

आई म्हणाली, "अगं, घालते मी सगळ्यांना सारखंच घालावं म्हणून. पण गुडघा पुढे जाऊ देत नाही ना. पहिलीत जास्त पडतं. मग दुसरीत. तिसरीपर्यंत कशीबशी जाते, चौथीत उरलंसुरलं. पुढच्या दोघी बिचाऱ्या तशाच. पडद्याकडे जाऊ नकोस म्हणून विसूनं सांगितलंय, ते मी पाळते हो."

कप माझ्या हातात होता. मी विचारलं, कसलं पाणी.

"देवाचं रे. ताम्हन, पळी, तांब्या, घंटा रोज घासून धुतल्याचं. चिंचेचा चोथा पिळून टाकते, पाणी झाडांना. एवढ्या वर्षांत तू कधी पाहिलं नाहीस?"

रोज पाहत होतो. एकोणचाळीस दिवस ती माझ्यासमोरून तांब्या घेऊन गेली. मी तिला वाट सोडली, मापं मांडली, आणि वहीत लिहिलं नाही. नळाचं पाणी लिहिलं, देवाचं लिहिलं नाही. ते पाणी आहे हे मला सुचलंच नाही.

चिंच तांबं सोडवते. हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं तर एकतीस वर्षं मुलामा-शॉपमध्ये आम्लानं तांबं धुणाऱ्याला.

एकोणचाळीस, चौतीस, सत्तावीस, एकोणीस. पेटी खोटं बोलत नव्हती. पेटी माझ्या आईचा गुडघा मोजत होती. कुंडीगणिक, पावलागणिक, कुठे कळ आली आणि कुठे ती थांबली, सगळं आकड्यात.

मी मोठ्यानं हसायला लागलो आणि थांबता येईना. लता घाबरली. आई म्हणाली, "काय चुकलं का रे माझं?"

मी तिच्या पाया पडलो. पाया पडताना तोच गुडघा हाताला लागला, ती ओय म्हणाली.

रविवार, २२ डिसेंबर

खात्री करून घेतली. आज आईनं माझ्यादेखत भांडी घासली. धुवण शंभर मिलिलिटर घेतलं. पूड टाकताच पाणी पिवळं नाही, तपकिरी झालं, पेटीच्या पट्टीबाहेर. वीसपट पातळ करून मोजावं लागलं. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. "किती आले मला?" जसा काही परीक्षेचा निकाल. आकडा सांगितल्यावर म्हणाली, "जास्त की कमी?" मी म्हटलं, आई, कंपनीच्या मोरचुदाच्या बाटलीला लाजवशील. ती दिवसभर फोनवर सगळ्यांना हेच सांगत होती.

देविकाला फोनवर कबूल केलं की उलट मोजायची कल्पना तिची. ती म्हणाली, "माहीत आहे पप्पा, तुम्ही तीन दिवसांनी करणार तेपण माहीत होतं."

सोमवार, ३० डिसेंबर

संस्थेचा निकाल आला. गौरवचा पहिला पालक, फवारणीनंतर चौथ्या दिवशी तोडलेला: पेटी ३१, संस्था ३०.२. दुसरा, चौदाव्या दिवशी तोडून दोन पाण्यानं धुतलेला: पेटी १६, संस्था १६.८. संस्थेच्या यंत्राची किंमत देविकानं सांगितली ती इथे लिहीत नाही. माझ्या पेटीला तीन हजार आठशे वीस रुपये लागले, पंखा धरून. पंखा लागत नव्हता.

मॅनेजरनं रेघ वीसवर आखली होती. म्हणजे चौदा दिवस थांबा, दोनदा धुवा, आणि भाजी बिनधास्त द्या. त्यानं पहिली चिठ्ठी आजच ठेवून घेतली. चिठ्ठीवर सही: विश्वनाथ, मयूर विहार. डिप्लोमाची जागा रिकामी ठेवली होती, त्यानं विचारलंसुद्धा नाही.

गौरव मोटरसायकलवरून थेट घरी, पाठीमागे पालकाचं अख्खं पोतं. आईच्या समोर ओतलं. "दादी, ये आपके घुटने की फ़ीस." लतानं पोतंभर पालकाचं काय करायचं म्हणून कपाळाला हात लावला, आणि आज रात्री आमच्या जिन्यातल्या आठही घरांत ताकातली पातळभाजी आहे. तमिळ घरात लसूण चालत नाही, त्यांची फोडणी वेगळी केली. उन्मेषची बाकरवडीपण आज लतानंच उघडली. थोडी मऊ पडली होती.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

दिलेला शब्द पाळायचा म्हणून उन्मेषला फोन केला. आनंदाची बातमी, म्हटलं, पेटी बरोबर आहे, सुरुवातीपासून बरोबर होती, संस्थेशी जुळली. आता गौरवच्या गावात दर गुरुवारी बसणार, शेजारच्या दोन गावांनीही बोलावलंय, आणि ते आपापल्या बाटल्यासुद्धा किरणाखाली पाहायला आणणार आहेत.

पलीकडे इतका वेळ शांतता, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, काका, वरिष्ठांशी बोलतो.

त्याला भरून आलं असावं, असं मी लताला म्हटलं. लता म्हणाली, "हो, फारच."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. उन्मेष तिळगूळ घेऊन आला, बरोबर छापील करार. वाचायला चष्मा आणि पाऊण तास लागला. दोन्ही पेट्या, सर्व आराखडे आणि ही वही कंपनीची. पेट्या कंपनीच्या कार्यालयात सीलबंद राहतील. मी दुसरी बनवणार नाही, कुणासाठी मोजणार नाही.

मी विचारलं, सीलबंद का? वापरता येत नसेल तर मी शिकवतो, चार दिवसांत कुणीही शिकेल.

उन्मेष खाली पाहत होता. त्याचा दोष नाही, नोकरी आहे. लता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, त्यांना शिकायचं नाहीये. त्यांना पेटी नको आहे, पेटी नसायला हवी आहे."

मग दोन बाटल्यांतून मध्ये काहीच न दिसता आरपार गेलेला किरण आठवला. गफलत, मी लिहिलं होतं. मागं जाऊन शब्द खोडला नाही. तेव्हा तेच वाटलं होतं.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, दुधाची घंटी वाजते म्हणून लतानं ती माळ्यावर टाकली, तेवढं एक मी सहन केलंय. दुसरी वस्तू माळ्यावर जाणार नाही. शिवाय या वहीत माझ्या आईचा गुडघा आहे, आणि तो विकायचा नाही.

आई म्हणाली, "विसू, तेवढ्या पैशांत माझे दोन्ही गुडघे नवे आले असते रे." मी म्हटलं, ते मार्चमध्ये येतायत, विम्यातून. ती म्हणाली, "मग राहू दे त्यांचे त्यांनाच," आणि उन्मेषच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो तिथेच खाऊन गेला. जिन्यात जरा थांबला, वळून हळूच म्हणाला, काका, गुरुवारी माझ्या मावशीची बाटली आणली तर बघाल का. तिचं सोनिपतला शेत आहे.

बघेन, म्हटलं.

हातांनी केलेल्या वस्तूंत भर. पंधरावी: चाकांचा पाट, बसून सरकता येणारा, ब्रेकसकट. आज सकाळी आई त्यावर बसून पहिल्या कुंडीपासून सहाव्या कुंडीपर्यंत गेली, प्रत्येकीला सारखं पाणी. नवीन मेथी पेरली आहे. वहीत नवा रकाना आखला आहे, नळाच्या पाण्याशेजारी: देवाचं पाणी, मिलिलिटरमध्ये.

कंपनीचा देकार, लेखी, दोन्ही पेट्या, आराखडे आणि वही धरून: अकरा लाख रुपये. नाकारला.